‘स्वतःवर काम कर’ म्हणजे नेमकं कुणी, काय करायचं?

गेली काही वर्षं आपल्या बोलण्यात इंग्रजी वाक्यांचा एक नवा संच येऊन बसला आहे. ‘कम्फर्ट झोनमधून बाहेर ये’, ‘स्वतःवर काम कर’, ‘लेट गो कर’, ‘मूव्ह ऑन कर’, ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘ओव्हररिॲक्ट करू नकोस’. ही वाक्यं फक्त पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून ऐकू येतात असं कुणी समजू नये. तालुक्याच्या गावी बचत गटाच्या प्रशिक्षणात, शिक्षकांच्या शिबिरात, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या गप्पांत आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांत ती अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी अशा रूपात सर्रास वावरतात. मी एका लहान शहरातल्या स्त्री संघटनेच्या सल्ला केंद्रात आठवड्यातून तीन दिवस बसते. तिथे येणाऱ्या बायकांच्या तोंडून ही वाक्यं इतक्यांदा ऐकते, की त्याबद्दल काही लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधीच सांगते, माझी तक्रार इंग्रजीविषयी नाही. टेबल, स्टेशन, तिकीट, डॉक्टर हे शब्द आपण केव्हाच आपले करून टाकले, त्यानं मराठीचं काही बिघडलं नाही. एखादा शब्द कुठून आला यापेक्षा तो आल्यावर कुणाच्या बाजूने उभा राहतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि ते पाहायला गेलं तर यातल्या बऱ्याच वाक्यांबद्दल मला शंका आहे.

शाळेत आपण व्याकरण शिकलो: कर्ता, कर्म, क्रियापद. वर दिलेली वाक्यं त्या दृष्टीने पाहा. सगळी आज्ञार्थी आहेत. कर्ता एकच, ‘तू’. बदलायचं तू, सोडून द्यायचं तू, पुढे जायचं तू. जो त्रास देतो, जो पगार काढून घेतो, जो बढती नाकारतो, तो या वाक्यांत कुठेच नाही. त्याचा उल्लेख न करता सगळं बोलणं पूर्ण होतं, हीच या वाक्यांची सोय आहे.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एक प्राथमिक शिक्षिका, नोकरीला अकरा वर्षं झालेली. पगार बँकेत जमा होतो, पण एटीएमचं कार्ड नवऱ्याच्या खिशात. एसटीच्या पासापुरते पैसे रोज सकाळी मागून घ्यायचे. एकदा तिनं कार्ड परत मागितलं तेव्हा चार दिवस घरात कुणी तिच्याशी बोललं नाही. केंद्रात आली तेव्हा ती काय म्हणाली? ‘ताई, माझं कम्युनिकेशन कमी पडतं. मी पटकन रिॲक्ट होते. मला स्वतःवर काम करायला हवं.’ भावानं तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका वर्गाला घातलं होतं. फी त्यानं भरली, म्हणजे त्याची कळकळ खरीच होती. वर्गात तिनं दीर्घ श्वास घ्यायला, आरशात पाहून बोलायला आणि रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायला शिकून घेतलं. कार्डाविषयी त्या वर्गात कुणी काही विचारलं नाही.

आता हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगून पाहा. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. जिच्यावर बाईचा हक्क आहे अशा पैशापासून, साधनांपासून तिला वंचित ठेवणं हा आर्थिक छळ. हे वाचून दाखवलं तेव्हा ती बाई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे याला नाव आहे तर!’ ‘माझं कम्युनिकेशन कमी पडतं’ आणि ‘माझा आर्थिक छळ होतो आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच घराबद्दल आहेत. पहिल्यातून वहीत लिहायचा अभ्यास निघतो, तर दुसऱ्यातून संरक्षण अधिकाऱ्याकडे करायचा अर्ज. कुठलं वाक्य तिच्या हाती आधी पडतं यावर पुढची पाच-दहा वर्षं ठरू शकतात.

कुणी म्हणेल, हे नवीन काय आहे? आपल्या मराठीत काय कमी उपदेश होता? ‘दिल्या घरी सुखी राहा’, ‘पदरी पडलं पवित्र झालं’, ‘बाईच्या जातीनं सोसावं’. बरोबर आहे. फरक एवढाच, की ती जुनी वाक्यं हुकूम म्हणूनच यायची. सासू बोलायची, आत्या बोलायची, आणि ऐकणारीला कळायचं की आपल्याला दाबून बसवताहेत. मनातल्या मनात का होईना, तिला त्यांचा राग यायचा. नवी वाक्यं हितचिंतकाच्या आवाजात येतात. ती शास्त्रीय वाटतात, शिकल्यासवरल्यांची वाटतात आणि तुझ्या प्रगतीसाठीच आहेत असं सांगतात. ‘सोस’ म्हटलं की भांडता येतं, पण ‘रेझिलियंट हो’ म्हटलं तर कुणाशी भांडायचं? आणि ते जमलं नाही की बाई स्वतःवरच चिडते.

या वाक्यांचा इतिहास पाहिला तर आणखी काही गोष्टी लक्षात येतात. यातली कित्येक वाक्यं जन्मली तेव्हा आजचा अर्थ घेऊन जन्मली नव्हती. इंग्रजीत स्वावलंबनाच्या संदर्भात एक प्रसिद्ध वाक्प्रचार आहे: स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणं. हे अशक्य आहे हे लहान मूलसुद्धा करून पाहू शकतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा वाक्प्रचार अशक्य गोष्टीची बढाई मारणाऱ्याची थट्टा करायला वापरत. पुढे विसाव्या शतकात थट्टा गळून पडली आणि गरिबाला द्यायचा तो गंभीर सल्ला झाला. आधी ज्याला हसत होते, तेच न करणाऱ्याला नंतर आळशी म्हणू लागले.

‘कम्फर्ट झोन’चंही असंच. १९२० च्या दशकात अमेरिकेतले इमारती उबदार आणि हवेशीर ठेवणारे अभियंते हा शब्द वापरत. ज्या तापमानात माणसाला फार गार वाटत नाही आणि उकडतही नाही, तो टप्पा म्हणजे कम्फर्ट झोन. तो धोक्याचा आहे ही कल्पना व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून पसरली. ज्युडिथ बार्डविक या लेखिकेचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक १९९१ चं आहे. नोकरी पक्की आहे असं वाटल्यामुळे कामगार-कर्मचारी सैल पडतात, असा त्याचा रोख. म्हणजे मालकाच्या खुर्चीतून दिसलेली ही गोष्ट आहे. तेच वाक्य आपण ज्यांच्या नोकरीची, घराची आणि उद्याची काहीच शाश्वती नाही अशा बायकांना ऐकवतो. मराठवाड्यातून दर वर्षी साखर कारखान्यांच्या हद्दीत ऊस तोडायला जाणारी बाई घ्या. नवरा-बायको मिळून तिथे एक ‘कोयता’ मोजतात, आणि मुकादमाकडून उचल बहुधा नवराच घेतो. पहाटे अंधारात उठून, उघड्यावर चूल पेटवून, दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या या बाईला कुठल्या झोनमधून बाहेर काढायचं? तिला आधी आत शिरायला एखादा कम्फर्ट झोन मिळाला पाहिजे. पाणी, संडास, दवाखाना आणि स्वतःच्या नावावर मजुरी असलेला.

‘सेल्फ-केअर’ हा शब्द आज ब्यूटी पार्लरच्या पाटीवरही दिसतो. ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय, लेस्बियन, स्त्रीवादी कवयित्रीनं १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात स्वतःची काळजी घेण्याविषयी लिहिलं, तेव्हा कर्करोग तिच्या यकृतापर्यंत पोचला होता. जो समाज आपल्यासारख्यांना जगू द्यायला राजी नाही, त्यात जगत राहणं हा तिच्या लेखी लढ्याचाच भाग होता. त्यातला लढा गेला आणि फेशियल उरलं. अर्थात बाईनं पार्लरला जाऊ नये असं मी म्हणत नाही, जरूर जावं. पण भारत सरकारनं २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हा हिशेब तसाच ठेवून ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असं सांगणं म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम वाढवणं. वेळ काढायचा कुठून? तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मिनिटांतूनच यायला हवा, आणि तेवढंच नेमकं कुणी बोलत नाही.

‘एम्पॉवरमेंट’ तर आपल्या डोळ्यांदेखत बदलला. १९८० च्या दशकात दक्षिणेकडच्या देशांतल्या स्त्री संघटनांनी तो उचलला तेव्हा त्याच्या पोटात सत्ता हा शब्द होता. जमीन, पैसा, ज्ञान आणि निर्णय कुणाच्या हाती आहेत हा त्यामागचा प्रश्न. आपण मराठीत सबलीकरण म्हणालो, सक्षमीकरण म्हणालो. सरकारनं २००१ हे वर्ष महिला सक्षमीकरण वर्ष म्हणून जाहीर केलं. पुढे २००७ मध्ये श्रीलता बाटलीवाला यांनी या शब्दातून सत्ताच काढून घेतली गेली अशी रीतसर तक्रार मांडली. आज ‘एम्पॉवर्ड वाटतंय का?’ असा प्रश्न विचारतात. वाटतंय का! सातबाऱ्यावर नाव लागलं का, हे विचारायचं राहूनच जातं.

नोकरी करणाऱ्या मुलींमध्ये ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हा शब्द फार चालतो. आपण या जागेला लायक नाही, कधीतरी आपलं पितळ उघडं पडेल, ही भीती. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांविषयी हे लिहिलं, तेव्हा त्यांनी ‘सिंड्रोम’ असा रोगाचा शब्द वापरला नव्हता, ‘फिनॉमिनन’ म्हटलं होतं. शिवाय घरातून आणि समाजातून मुलींना काय ऐकवलं जातं याचाही विचार त्यांनी केला होता. पुढे तो रोग झाला आणि रोगी झाल्या बायका. माझ्या ओळखीची एक मुलगी बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतली तर तिची जबाबदारी दुसऱ्याला दिलेली. तिनं विचारलं, तर कंपनीनं तिला आत्मविश्वास वाढवण्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिचा आत्मविश्वास गेला नव्हता. काम गेलं होतं.

इथवर वाचून असं वाटेल की मला उपदेशाचंच वावडं आहे. तसं नाही, आणि यासाठी आपल्याच घरातलं एक जुनं उदाहरण देते. १८८२ साली मराठीत दोन बायकांची दोन पुस्तकं आली. एक पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’, दुसरं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’. रमाबाईंचं पुस्तक उपदेशाचंच आहे: स्त्रियांनी विद्या मिळवावी, उद्योगी व्हावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं. आजच्या भाषेत म्हणायचं तर स्वतःवर काम करावं. ताराबाई मात्र उलट्या बाजूने चालून आल्या. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला गर्भातून झालेल्या मुलाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चालचलणुकीवर शेरे सुरू झाले. ताराबाईंनी विचारलं, की जे जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषांच्या अंगी नाहीत काय? सुधारायचं फक्त आम्हीच का?

या दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करायचं कारण नाही, कारण रमाबाई पुस्तकापाशी थांबल्या नाहीत. त्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी विलायतेच्या प्रवासाची सोय केली, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवेला ‘धीट हो’ म्हणून सांगितल्यावर ती धीट होऊन जाणार कुठे, याचं उत्तर त्यांनी चार भिंती, अंथरूण, जेवण आणि शाळा या रूपात दिलं. उपदेशाची कसोटी मला यात सापडते. जो सांगतो ‘उठ’, तो उठल्यावर उभं राहायला जागा देतो का?

परदेशातून आलेले सगळेच शब्द दगा देतात असंही नाही. ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ हा शब्द १९७५ मध्ये अमेरिकेत इथाका या गावी नोकरदार बायका आपापले अनुभव सांगायला एकत्र आल्या तेव्हा प्रचारात आला. त्याआधी हे सगळं होतच होतं, पण त्याला ‘साहेबाचा स्वभाव’ किंवा ‘थट्टामस्करी’ म्हणत. आपल्याकडे राजस्थानातल्या साथिन भंवरीदेवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. ‘गॅसलायटिंग’ हा शब्दही मला कामाचा वाटतो. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या एका नाटकावरून तो आला. त्यातला नवरा घरातले गॅसचे दिवे मंद झाल्याचं बायकोला दिसत असताना, तुला भास होतात, असं तिला पटवत राहतो. ‘तूच वेडी आहेस’ हे ऐकून ऐकून स्वतःवरचा विश्वास उडालेल्या बायकांना या एका शब्दानं पुष्कळ धीर दिला आहे.

या शब्दांत आणि ‘मूव्ह ऑन’मध्ये फरक कोणता? हे शब्द कुणीतरी कुणालातरी काय केलं ते सांगतात. यासाठी आपल्या मराठीतलाच एक कडू शब्द आठवतो: ‘टाकलेली’. ऐकायला वाईट आहे, वस्तू टाकावी तसा. म्हणून १९८८ साली संगमनेरला परिषद भरली ती परित्यक्ता स्त्रियांची म्हणून, आणि आज आपण एकल महिला म्हणतो. ते योग्यच झालं. पण ‘टाकलेली’ या शब्दात निदान एक गोष्ट लपत नव्हती, की कुणीतरी टाकलं आहे. त्या परिषदांतून पोटगी, रेशनकार्ड आणि घर या मागण्या निघाल्या, कारण टाकणारा कोण आणि त्याचं देणं काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज तशाच बाईला पहिला सल्ला मिळतो तो ‘मूव्ह ऑन कर’. तिनं पुढे जावंच, पण पोटगी घेऊन!

आमच्या गटातल्या तरुण मैत्रिणी यावर माझ्याशी वाद घालतात. एक म्हणाली, ‘ताई, कोर्टाची तारीख सहा महिन्यांनी आहे. तोवर मला रात्री झोप लागायला हवी की नको? समुपदेशकाकडे जाऊन मला झोप लागली. समाज बदलेपर्यंत मी जागीच राहू का?’ तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मनाला झालेली इजा ही इजाच आहे, तिच्यावर उपचार हवेत, आणि ते आपल्याकडे फारच थोड्या जणींना मिळतात. चांगला समुपदेशक कार्डाविषयी विचारतोही. माझा आक्षेप उपचाराला नाही. हात मोडला तर प्लास्टर घालायचंच, पण हात मुरगाळणाऱ्याविषयी कुणी चकार शब्द काढू नये अशी अट त्या प्लास्टरबरोबर येत असेल तर ती मान्य करायची नाही.

म्हणून आम्ही आता शिबिरांत एक साधा खेळ घेतो. फळ्यावर असं एखादं वाक्य लिहायचं आणि सगळ्याजणींनी मिळून तीन प्रश्न विचारायचे. हे वाक्य कुणी कुणाला म्हणतं? यात ज्याचं नाव यायला हवं होतं, पण आलेलं नाही, असा कोण आहे? आणि हेच वाक्य त्याला उद्देशून म्हटलं तर कसं लागतं? गेल्या शिबिरात ‘इगो सोडून दे’ या वाक्यावर तासभर चर्चा झाली. शेवटी एक भाजी विकणारी बाई म्हणाली, की हे वाक्य माझ्या सासऱ्याला कुणी ऐकवल्याचं मला आठवत नाही. ‘ॲडजस्ट कर’ हे वाक्य नवऱ्यांना उद्देशून म्हणायची पाळी आली तेव्हा तर निम्म्याजणींना हसू आवरेना.

हा खेळ आपापल्या गटात, शाळेत, कार्यालयात घेऊन पाहा. मुलांना आणि पुरुषांनाही त्यात बसवा. कुठली वाक्यं निघाली, त्यावर काय बोलणं झालं ते जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांतली काही छापता येतील. आणि ती शिक्षिका पुढे काय झाली असं विचाराल, तर तिनं बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करून घेतलं आणि नव्याचा अर्ज केला. घरात अबोला सुरू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहून ठेवला आहे. तो द्यायचा की नाही, आणि कधी, हे ती ठरवेल.